लेप आणि अंग

एखाद्या वस्तूचे रक्षण व्हावे म्हणून आपण तिला लेप लावतो. तोच लेप पुढे त्या वस्तूचा मळ होतो का? आणि होत असेल, तर तो काढायचा कोणी, कशाने आणि कुठपर्यंत? प्रश्न परमार्थातला वाटेल, पण त्यासाठी आज पोथी उघडायची नाही. दारातल्या मोटारीकडे पाहायचे आहे.

हसू नका. पायी वारी करणाऱ्या कितीतरी माळकऱ्यांच्या दारात आज चारचाकी उभी असते. मुलाने घेतलेली असेल, स्वतःच्या कमाईची असेल. दसऱ्याला आपण तिला झेंडूचा हार घालतो, कुंकवाचे बोट लावतो. ज्याचा जीव गाडीवर जरा जास्त आहे तो वर्षातून तीन-चार वेळा डब्यातले मेण काढून तिच्या अंगावर चोळतो, वाळू देतो आणि मऊ फडक्याने पुसतो. गाडी आरशासारखी होते. पावसाचे थेंब तिच्यावर मोत्यांसारखे उभे राहतात. मग महिन्याभराने पुन्हा एक हात, त्यावर पुन्हा एक हात. दोन-तीन वर्षे अशी गेली की एक दिवस लक्षात येते, हवी ती चमक आता येत नाही. रंगावर धुके बसल्यासारखे दिसते. बोट लावले की ठसा उमटतो, धूळ चिकटून राहते. बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर, नावाच्या अक्षरांच्या खाचांत, दाराच्या कडेला पांढरट किटण बसलेले असते. माणूस काय करतो? मेणाचा आणखी एक हात देतो.

येथे गाडीच्या रंगाची रचना समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचा विचार चुकेल. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर. कारागीर त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन होतात. त्यातला वरचा पारदर्शक थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे बहुतेकांच्या डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. ऊन झेलायचे, पक्ष्याची विष्ठा झेलायची, ओरखडे झेलायचे, ते सारे या केसाहून बारीक थराने. हा थर गाडीचे अंग आहे. मेण हे अंग नव्हे, ते अंगावरचे पांघरूण.

लोक समजतात की मेणाचे दहा हात दिले तर दहा थर एकावर एक, माडीवर माडी चढावी तसे चढतात. तसे होत नाही. नव्या मेणात त्याला पातळ ठेवणारे जे द्रव्य असते ते खालच्या जुन्या मेणालाही मऊ करते आणि पुसताना दोन्ही मिळून बरेचसे निघून जाते. मग साचते काय? नीट न पुसलेले जादा मेण, त्यात अडकलेली रस्त्याची धूळ, धुराची काजळी आणि उन्हाने बिघडलेले जुने तेल. न धुतलेल्या अंगावर लावलेला लेप खालच्या धुळीला कोंडून ठेवतो. दोष मेणाचा नाही. जुने काय उरले आहे ते न पाहता नवे लावण्याचा आहे.

वेदान्तात अंतःकरणाचे तीन दोष सांगितले आहेत: मल, विक्षेप आणि आवरण. मल जातो निष्काम कर्माने, विक्षेप उपासनेने, आवरण ज्ञानाने. आपण ही त्रयी शेकडो प्रवचनांत ऐकली आहे. पण गाडीवरचे हे मेण या तिन्हींपैकी कशात धरायचे? तो मल म्हणावा तर बाहेरून उडून आलेला नाही, आपणच विकत आणून, घाम गाळून लावलेला आहे. आवरण म्हणावे तर अज्ञानाने आलेले नाही, काळजीने आलेले आहे. माझ्या मते आपल्यासारख्या साधन करणाऱ्यांना याच चौथ्या प्रकाराने जास्त घेरलेले असते. व्यसने सुटलेली असतात, खोटे बोलणे बरेचसे सुटलेले असते, एकादशी चुकत नाही. आणि तरीही अंगावर एक धुके असते. ते कशाचे आहे हे सापडत नाही, कारण आपण मळ शोधतो वाईट गोष्टींत, आणि हे धुके बनलेले असते चांगल्या गोष्टींचे.

कोणी म्हणेल, मग लेप नकोच. अलिप्त राहा, निर्लेप राहा, हेच तर संतांचे सांगणे. शब्द बरोबर आहेत. पण अलिप्ततेला आपल्या परंपरेत दृष्टान्त कोणता दिला जातो? कमळाच्या पानाचा. गीतेच्या पाचव्या अध्यायात तो येतो आणि तेव्हापासून प्रत्येक प्रवचनकाराच्या तोंडी आहे: पान पाण्यात असते, पण पाणी त्याला लागत नाही. आता गंमत पाहा. कमळाच्या पानाला पाणी का लागत नाही? विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशी पाने वर्षानुवर्षे तपासली आणि १९९७ साली आपल्या सहकाऱ्यासह त्याची उकल मांडली. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे अतिसूक्ष्म कण असतात. थेंब त्या टोकांवर तोलून राहतो, गडगडतो आणि जाताना पानावरची धूळही आपल्याबरोबर घेऊन जातो.

म्हणजे ज्याला आपण निर्लेपतेचा आदर्श मानतो त्या पानाच्या अंगावर मेणच आहे! गाडीवर लावतात त्या उत्तम मेणाचे मूळही पानच असते. ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या भागात कार्नौबा नावाचे एक ताडासारखे झाड होते. उन्हात आपल्यातले पाणी उडून जाऊ नये म्हणून त्याचे पान स्वतःवर मेण आणते. ती पाने तोडून वाळवतात, झोडपतात, आणि भुकटी होऊन जे पडते ते वितळवून डब्यात भरतात.

तेव्हा लेप असणे हा दोष ठरत नाही. कमळाच्या पानाचे मेण आणि गाडीवर साचलेले मेण यांत फरक इतकाच की, पानाचे मेण धुळीला जाऊ देते आणि साचलेले मेण धुळीला धरून ठेवते. पानाचे मेण जिवंत पान आतून पुन्हा पुन्हा घडवते, जितके हवे तितकेच. गाडीचे मेण बाहेरून येते, आणि पुरे कधी झाले हे त्याला स्वतःला कळत नाही.

आपल्याकडे वारकरी भेटला की एकमेकांच्या पाया पडतात. लहान मोठ्याच्या पडतो तसा मोठाही लहानाच्या पडतो. ही रीत मला कमळाच्या पानासारखी वाटते. दिलेला मान तिथल्या तिथे परत जातो, कोणाच्याच अंगावर राहत नाही. पण त्याच मंडळींत कोणाच्या नावामागे एकदा ह. भ. प. लागले, पत्रिकेवर नाव वरच्या ओळीत छापले जाऊ लागले, सप्ताहात खुर्ची ठरून गेली, की तो मान वाहून जात नाही. पाया पडणारे येतात, पण पडणारा खाली वाकेपर्यंत आपण वाकायचे थांबलेलो असतो. यात त्या माणसाने काही पाप केलेले नसते. लोकांनी प्रेमाने एक एक हात दिलेला असतो. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा पिढ्यान्‌पिढ्या साचलेला शेंदूर काढला गेला तेव्हा खाली घडवलेले मूळ रूप दिसू लागले. तो शेंदूर ज्यांनी वाहिला त्यांच्या भक्तीत उणे काय होते? काहीच नाही. तरी रूप झाकले गेलेच होते.

आता काढण्याकडे वळू, कारण खरा धोका तिथे आहे.

साचलेले मेण काढायचे दोन मार्ग आहेत. एक विरघळवण्याचा, दुसरा घासण्याचा. पहिल्यात गाडी सावलीत उभी करतात आणि पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबतात. तापल्या पत्र्यावर काहीही लावले तरी ते वाळून डाग पडतात. मग आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू देतात, कारण धुळीसकट फडका फिरवला तर तीच वाळू ओरखडे पाडते. मग साबणाचा हात. भांड्यांच्या साबणाने मेण जाते असे पुष्कळ जण सांगतात, ते अर्धेच खरे. वरचा तेलकटपणा जातो, मुरलेले मेण राहते. मेण तेलाच्या जातीचे आहे, त्याला त्याच्याच जातीचे सौम्य द्रव लागते. बाजारात मेण काढायचे तयार द्रव मिळते. नंतर पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून उरलासुरला तेलाचा अंश काढतात. एकेक भाग घ्यायचा, फडका भिजवून ठेवायचा, मेण सुटायला वेळ द्यायचा, अलगद पुसायचे, फडक्याची घडी बदलायची. कोणी घाईने थिनर घेतो. थिनर मेण काढतोच, पण रंगालाही मऊ करतो, विशेषतः अपघातानंतर पुन्हा रंगवलेल्या भागाला. पेट्रोलला हात लावू नये, ते आगीशी खेळणे आहे. रॉकेलने मेण सुटते, पण मागे त्याचाच तेलकट पापुद्रा राहतो, म्हणजे एक लेप काढून दुसरा लावल्यासारखे.

दुसरा मार्ग घासण्याचा. गॅरेजवाले त्याला रबिंग म्हणतात. कंपाउंड नावाची जी पेस्ट असते तिच्यात अतिबारीक कण असतात. ते मेण काढतात आणि मेणाखालचा पारदर्शक थरही थोडा कापून नेतात. चमक लगेच येते, म्हणून लोकांना हा मार्ग आवडतो. गिऱ्हाईक खूश, कारागीर मोकळा. ओरखडे खोल असतील तर हे करावेही लागते, पण फक्त मेण काढण्यासाठी अंग कापायचे काही कारण नाही.

आणि यातली जी गोष्ट मला सर्वांत भयंकर वाटते ती अशी. जुन्या काळच्या गाड्यांना वरचा पारदर्शक थर नसे. त्या घासल्या की फडक्यावर गाडीचा रंग उतरे. लाल गाडीचा लाल, निळीचा निळा. घासणाऱ्याला कळे की आपण आता मेण काढत नाही, गाडीच काढतो आहोत. आजच्या गाडीचे अंग पारदर्शक आहे. ते घासले गेले तरी फडका पांढराच राहतो. किती गेले हे डोळ्यांना दिसत नाही. जाडी मोजायचे यंत्र असेल तर कळते, नाहीतर एक-दोन उन्हाळ्यांनी टपावर, बॉनेटवर पांढरे चट्टे पडून पापुद्रे सुटू लागतात तेव्हा कळते. तोपर्यंत घासणारा घरी गेलेला असतो. गेलेला थर पॉलिशने परत येत नाही.

वाचकहो, आपल्या घरात हे किती वेळा घडते! मुलाच्या अंगावर गुणांचा, कौतुकाचा थोडा लेप चढला की बाप म्हणतो, याची मस्ती उतरवली पाहिजे. सून जरा माहेरचे सांगू लागली की सासूबाई तिला जागेवर आणतात. दिंडीत नवा पखवाजी चार टाळ्या मिळवतो आणि जुने टाळकरी त्याला चारचौघांत खाली बसवतात. हेतू वाईट नसतो. त्यांनाही खरोखर वाटते की आपण लेप काढतो आहोत. पण माणसाचा स्वाभिमान त्या पारदर्शक थरासारखा असतो. तो जातो तेव्हा फडक्यावर डाग येत नाही. मूल गप्प होते, ऐकू लागते, चमकतेसुद्धा. आपण म्हणतो, बघा कसा सुधारला. चट्टे पुढे कधीतरी दिसतात, ते आपल्या बोलण्याने पडले हे कोणाला आठवतही नाही. मी तर म्हणेन, दुसऱ्याचा अहंकार काढायला बसलेल्या माणसाने आपल्या फडक्यावर काही दिसत नाही याचा आधार कधीच घेऊ नये.

मग दुसऱ्याला काही सांगायचेच नाही का? गोरोबाकाकांची कथा आठवा. महिपतींनी भक्तविजयात ती सांगितली आहे. संतमेळा जमलेला. मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे काय? गोरोबा म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते याने कळते. मग याच मडक्यांची परीक्षा करा, असे त्या म्हणाल्या, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे वाजवले. सगळे शांत बसले. नामदेवराय तेवढे रागावले, आणि ते मडके कच्चे ठरले.

आपण ही कथा अहंकाराची म्हणून सांगतो. पण नामदेवांच्या अंगावर चढलेला लेप कसला होता? धनाचा नव्हता, विद्येचा नव्हता. प्रत्यक्ष पांडुरंग आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे जेवतो, या जवळिकीचा होता. त्याहून चांगले द्रव्य जगात कुठले? तरी लेप तो लेपच. आणि दुसरी गोष्ट, जी सांगताना बहुधा निसटते: गोरोबांनी मडके फोडले नाही. थापटणे वाजवले, आवाज ऐकला आणि जे ऐकू आले ते सांगितले. परीक्षा तेवढीच. पुढचे काम त्यांनी आपल्या हातात घेतले नाही. नामदेव रुसून देवाकडे गेले, देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले, आणि जे व्हायचे ते तिथे, वेळ घेऊन झाले. त्या मेळ्यात कोणी नामदेवांना तिथल्या तिथे पक्के करण्याच्या मागे लागला असता तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

दुसऱ्याचे झाले. स्वतःचे काय? येथे आपल्या वाटेवर एक वेगळाच खड्डा आहे. आपण दैन्याला भक्तीचे अंग मानतो. मी पतित, मी अपराधी, माझ्यात काही नाही, असे आपण रोज म्हणतो. ते खरेपणाने आले तर त्याने अंतःकरण मऊ होते, मेण मऊ होते तसेच. पण रोज म्हणून म्हणून त्याचाही लेप चढतो. “छे छे, मी कसला, मी तर संतांच्या पायांची धूळ” हे वाक्य काही जण इतक्या सफाईने म्हणतात की ऐकणाऱ्याला त्यात चेहरा दिसावा. हे मी थट्टेने लिहीत नाही. नम्रतेचा लेप ओळखायला सर्वांत कठीण, कारण तो लेप नसल्यासारखाच दिसतो. याची खूण मला एकच वाटते. मी अपराधी म्हणणाऱ्याला दुसऱ्या कोणी “हो, अमुक ठिकाणी तुमचे चुकले” असे म्हणून पाहावे. पाणी पानावरून गडगडून गेले तर ठीक. डाग पडला तर तिथे मेण साचलेले आहे.

आणि याच्या उलट काही सज्जन असतात, ते स्वतःला रात्रंदिवस घासत असतात. झालेल्या चुका, केलेले विचार, चुकलेला नेम. त्यांना वाटते ही शुद्धी आहे. अशा माणसाला सांगावेसे वाटते की बाबा रे, मेण केव्हाच निघाले, आता फडक्याला काही येत नाही म्हणून तू अजून जोर लावतो आहेस. येत काही नाही याचा अर्थ थांबायची वेळ झाली.

थांबायची वेळ ओळखायची गाडीवाल्यांची रीत साधी आहे. मेण असते तिथे पाण्याचे थेंब होतात. मेण निघाले की पाणी पसरते, चादरीसारखे सपाट होऊन सरकत खाली जाते. मोती दिसत नाहीत. पाहायला ते काही सुंदर नसते. शिवाय मेणाने बुजलेले बारीक ओरखडे आता उघडे पडतात, सूर्याच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. माणसाला वाटते आपण गाडी बिघडवली. बिघडवली नाही. ते आधीपासून होते. पुष्कळ जण याच घटकेला घाबरतात आणि डबा उघडून पुन्हा जाड हात देतात. धीर धरला तर त्या उघड्या अंगावरून हात फिरवून कळते की कोणता ओरखडा नखाला लागतो आणि कोणता नुसता दिसतो. नखाला लागतो तो खोल, त्याच्याशी घरी खेळू नये. दिसतो पण लागत नाही त्याला जगू द्यायला हरकत नाही.

एवढे झाले की मग मेण लावायचेच. उघडी गाडी तशीच उन्हापावसात ठेवणे हाही शहाणपणा नव्हे. फक्त या वेळी बोटाच्या पेरावर येईल एवढे घ्यायचे, पसरवताना दिसेल न दिसेल इतके पातळ, आणि वाळल्यावर पुसताना लावण्यापेक्षा दुप्पट वेळ द्यायचा. पुढच्या वेळी डबा उघडण्याआधी एक तांब्या पाणी ओतून पाहायचे, थेंब अजून उभे राहतात का. राहत असतील तर डबा बंद. काळ्या प्लास्टिकवरचे पांढरे किटण मात्र पहिल्या खेपेला पूर्ण निघत नाही. खाचांत मऊ ब्रश लागतो, तेच सौम्य द्रव लागते, आणि दोन-तीन रविवार लागतात.